टँकचं पाणी किती दिवसांनी बदलायचं, आणि मुख्य म्हणजे किती बदलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन फुटी टँक, ४ गोल्डफिश, ६ मॉली आणि १ सकर (काचेला चिकटून शेवाळं खाणारा मासा), आत एक छोटा इंटरनल फिल्टर. दर रविवारी तुम्ही सगळे मासे बादलीत काढता, पूर्ण पाणी फेकता, खडी घासून धुता, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळता आणि सगळं परत चकाचक लावता. तरी मंगळवार-बुधवारपर्यंत पाणी दुधाळ होतं आणि एखादा मासा जातो. एकजण म्हणतो आठवड्यातून दोनदा बदल, दुसरा म्हणतो सहा महिने हात लावू नको, मग ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही नको. आधी सरळ उत्तर देतो: आठवड्यातून एकदा, २५ ते ३० टक्के. तुमच्या टँकमध्ये गोल्डफिश आहेत म्हणून तुम्ही ४० ते ५० धरा. आणि पूर्ण पाणी कधीच नाही, म्हणजे कधीच नाही. बाकीचं खाली लिहितोय ते का आणि कसं याचं आहे, थोडं लांबेल पण वाचा, कारण नुसता आकडा पाठ करून उपयोग होत नाही, प्रत्येक टँकचा आकडा वेगळा निघतो.

तुमचे मासे घाणीने मरत नाहीयेत, स्वच्छतेने मरतायत. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडत असतो, उरलेलं खाद्य कुजलं की त्याचाही अमोनियाच होतो. हा अमोनिया विषारी. टँक जुना झाला की त्यात एक जातीचे बॅक्टेरिया बसतात जे अमोनियाचा नायट्राइट करतात, तोही विषारीच, आणि दुसरे बॅक्टेरिया त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात, जो बऱ्यापैकी निरुपद्रवी असतो, फक्त साठत जातो. आता गंमत अशी की हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, ते चिकटून राहतात, स्पंजवर, खडीवर, काचेवर, झाडांच्या पानांवर. सगळ्यात जास्त स्पंजमध्ये, कारण तिथून सतत ऑक्सिजनवालं पाणी वाहत असतं. तुम्ही दर रविवारी तोच स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली पिळून काढता आणि खडीही घासता, म्हणजे अख्खी वस्ती उठवून टाकता. सोमवारी मासे खातात, विष्ठा करतात, अमोनिया वाढतो आणि खायला कुणीच नाही. पाणी दुधाळ होतं ते वेगळ्या बॅक्टेरियांमुळे, ते मोकळ्या पाण्यात भराभर वाढतात. ते दिसलं की माणूस घाबरून परत पूर्ण पाणी बदलतो, आणि चक्र पहिल्यापासून सुरू. मी पहिली दोन वर्षं हेच करत होतो, त्यामुळे तुम्हाला नावं ठेवत नाहीये.

मग पाणी बदलायचंच कशाला, बॅक्टेरिया आहेत की? कारण शेवटी जो नायट्रेट उरतो त्याला साध्या टँकमध्ये बाहेर जायला वाटच नाही. झाडं थोडा खातात, बाकीचा तुम्ही बादलीने काढाल तेवढाच जातो. शिवाय नुसता नायट्रेट नाही, फॉस्फेट साठतो, पाणी पिवळट करणारी कुजकट द्रव्यं साठतात, आणि उलट काही गोष्टी संपत जातात, त्याबद्दल पुढे सांगतो कारण खरा घात तिथे होतो.

आता किती टक्के, याचं गणित एकदा मांडून बघा, फार सोपं आहे आणि एकदा कळलं की कुणाला विचारावं लागत नाही. समजा तुमच्या टँकमध्ये आठवड्याला १० पीपीएम (म्हणजे दहा लाखांत १० भाग) नायट्रेट वाढतो. तुम्ही दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदललं तर काही आठवड्यांनी पाणी बदलायच्या आधीचा आकडा ४० वर येऊन स्थिरावतो, म्हणजे १० भागिले ०.२५. पन्नास टक्के बदललं तर २० वर. आणि दहाच टक्के बदललं तर चढत चढत १०० पर्यंत जातो. पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात मी दर आठवड्याला १० टक्के बदलतो, कधी चुकवत नाही, आणि तरी शेवाळं हटत नाही, मासे मलूल असतात, त्याचं कारण हेच, नियम पाळला पण आकडा तोकडा. तेच २५ टक्के जर पंधरा दिवसांनी केलं तर वाढ २० ची झाली, मग स्थिरावणार ८० वर. मी गोड्या पाण्याच्या साध्या टँकमध्ये नायट्रेट २० ते ४० च्या आत ठेवतो. तुम्ही एक टेस्ट किट घ्या, थेंबांची, पट्टीपेक्षा ती जास्त भरवशाची असते. पाणी बदलल्यावर लगेच एक रीडिंग घ्या, सात दिवसांनी बदलायच्या आधी दुसरं. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची आठवड्याची वाढ. तो आकडा मिळाला की टक्के आपोआप ठरतात. आणि हो, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याचीही टेस्ट करा एकदा, काही ठिकाणी त्यातच नायट्रेट असतो, मग कितीही बदललं तरी त्याच्या खाली येणार नाही.

टक्के म्हणजे किती बादल्या, हेही सांगतो कारण इथे सगळे फसतात. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे साधारण ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर, गुणाकार करून हजाराने भागा, ५४ लिटर आले. पण टँक काठोकाठ भरत नाही, वर दोन इंच मोकळे, खाली खडी, एखादा दगड, म्हणजे खरं पाणी ४० च्या आसपास. त्याचे २५ टक्के म्हणजे १० लिटर, ५० टक्के म्हणजे २०. एवढंच. काचेवर बाहेरून मार्करची एक रेघ मारून ठेवा, तिथपर्यंत उतरलं की थांबायचं, दर वेळी अंदाज नको.

आता त्या "सहा महिने हात लावू नको" वाल्यांबद्दल. जुनं पाणी चांगलं असतं ही समजूत कुठून आली ते मला माहितीये, जुना टँक स्थिर असतो हे खरंच आहे, पण तो बॅक्टेरियांमुळे, पाण्यामुळे नाही. माझ्याकडे एक तीन फुटी होता, एंजल आणि टेट्रा, कामाच्या गडबडीत सात-आठ महिने मी नुसतं उडालेलं पाणी वरून भरत राहिलो. पाणी आरशासारखं, मासे खात-पीत होते, मला वाटलं टँक सेट झालाय, याला काही लागत नाही. मग दिवाणखान्यातून टँक हलवायचा होता म्हणून एका दुपारी ७०-८० टक्के पाणी काढलं आणि ताजं भरलं. संध्याकाळी मासे एका कोपऱ्यात, कल्ले भात्यासारखे हलतायत, सकाळी चौदातले नऊ तरंगत होते. मी पाण्यालाच शिव्या घातल्या, काहीतरी औषध सोडलं असणार नळाला म्हणून. पाण्याचा दोष नव्हता. बॅक्टेरिया अमोनिया पचवताना पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल मारायची पाण्याची ताकद, ज्याला आपण केएच म्हणतो, ती खात असतात. ती महिनोन्‌महिने भरून निघाली नाही की एक दिवस संपते आणि पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्ल) घसरतो, ७ वरून ६ आणि त्याखाली. त्या आम्लात बॅक्टेरिया पण सुस्तावतात, अमोनिया साठायला लागतो, पण कमी पीएचला तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो, जो माशाला फारसा लागत नाही. म्हणून मासे ठीक दिसतात. आणि तुम्ही एका झटक्यात ताजं, ८ पीएचचं पाणी ओतलं की तोच साठा विषारी अमोनियात बदलतो. आकड्यात सांगायचं तर २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी असतो, पीएच ८ ला तो ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. त्यावर पीएचचा अचानक धक्का वेगळाच.

त्यामुळे ज्यांनी महिनोन्‌महिने पाणी बदललेलं नाही त्यांनी हे वाचून लगेच बादली घेऊन धावू नका. १० टक्के, एक दिवसाआड, दोन-तीन आठवडे, रोज अमोनिया आणि पीएच बघत बघत हळूहळू वर आणायचं. मग नेहमीच्या टक्क्यांवर या. मी तेव्हापासून कुठलाही बिघडलेला टँक हातात घेतला की आधी टेस्ट, मग बादली.

उडालेलं पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, हे परत एकदा, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा नुसतं पाणी उडतं, क्षार आणि नायट्रेट सगळे खालीच राहतात. तुम्ही वरून परत क्षारवालं पाणी टाकता, म्हणजे टीडीएस, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा, चढत जाणार. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी कड दिसते ना, नखाने खरवडावी लागते ती, ते हेच क्षार.

नवीन टँकचं मात्र वेगळं. पहिले ४ ते ६ आठवडे बॅक्टेरिया बसत असतात, त्या काळात कॅलेंडर बाजूला ठेवा आणि टेस्ट किटचं ऐका. मासे आधीच सोडून बसला असाल, बहुतेक जण सोडतातच, तर अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ पीपीएमला पोचला की त्याच दिवशी ३० ते ५० टक्के बदला, रोज करावं लागलं तरी रोज. लोक म्हणतात असं केलं तर सायकल, म्हणजे हे बॅक्टेरिया बसायचा काळ, लांबते. थोडीफार लांबेल, पण बॅक्टेरिया पाण्यात नसतात हे वर सांगितलंच, आणि मेलेल्या माशांवर सायकल पूर्ण करण्यात काय मजा आहे. खाद्य निम्म्यावर आणा, शक्य असेल तर कुणाच्या तरी चालू, निरोगी टँकमधला मळका स्पंज घेऊन आपल्या फिल्टरमध्ये टाका, बॅक्टेरियांच्या म्हणून विकतात त्या कुठल्याही बाटलीपेक्षा तो भारी काम करतो.

आता भरायच्या पाण्याबद्दल. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो कल्ले जाळतो आणि बॅक्टेरियाही मारतो. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो, आत एअर पंपाचा एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर त्याहून लवकर. पण काही पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरतात, ते असं ठेवून उडत नाही, तिथे अँटी क्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) लागतोच, आणि तोही क्लोरामाइनसाठी चालेल असं लेबलवर लिहिलेला, कारण साध्या अँटी क्लोरीनमधलं थायोसल्फेट क्लोरामाइन फोडतं तेव्हा मागे अमोनिया सोडतं. अँटी क्लोरीन बादलीत टाकत असाल तर बादलीच्या मापाने टाका, पण पाइप लावून थेट टँक भरत असाल तर पूर्ण टँकच्या मापाने, आणि पाणी सोडायच्या आधी. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो पण ते एक रात्र ठेवून एअर देऊन मगच वापरा, जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो उडाला की पीएच बदलतो, तो बदल टँकमध्ये होण्यापेक्षा बादलीत झालेला बरा. आरओचं पाणी निव्वळ भरू नका, त्यात केएच जवळपास नसतोच, मग वर लिहिलेला घसरणीचा प्रकार आठ महिन्यांऐवजी काही आठवड्यांत होईल. पाणी फार जड (क्षार जास्त असलेलं) असेल तर अर्धं आरओ अर्धं नळाचं असं मिसळा आणि ते प्रमाण दर वेळी तेच ठेवा.

तापमान एक-दोन अंशात जुळवा. हात घालून कळतं असं लोक म्हणतात, मला तरी नीट कळत नाही, थर्मामीटर टाकून बघतो. नळाचं गार पाणी जोरात थेट टँकमध्ये सोडलं की काचेवर आणि माशांच्या अंगावर बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, सोडावॉटरसारखे. दिसायला छान दिसतं पण ते दाबाखाली विरघळलेले वायू बाहेर पडत असतात आणि जास्त झालं तर माशाला त्रास होतो. ठेवलेल्या पाण्यात हा प्रश्न येत नाही.

प्रत्यक्ष करताना पहिलं काम, हीटर आणि फिल्टरचा प्लग काढा. हीटर पाण्याबाहेर उघडा पडला आणि चालू राहिला की तापतो आणि वर गार पाणी पडलं की काच तडकते, माझे दोन गेलेत असे. मग सायफन. तोंडाने ओढू नका, नळी पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्या, एक टोक अंगठ्याने दाबून बादलीत सोडा. रुंद तोंडाचं टोक खडीत खुपसायचं, खडी आत वर उसळते, तपकिरी धुरळा नळीतून जातो आणि खडी परत खाली पडते, मग पुढची जागा. एका वेळी अर्ध्याच तळाची खडी उपसा, उरलेली पुढच्या आठवड्यात. बारीक वाळू असेल तर खुपसू नका, अर्धा इंच वरून फिरवा, नुसती घाण उचलली जाईल. झाडांच्या मुळाशी जायचं नाही.

काढलेल्या पाण्याचा एक मग बाजूला ठेवा. फिल्टरचा स्पंज त्याच मळक्या पाण्यात दोन-तीनदा दाबून काढायचा, प्रवाह मोकळा झाला की पुरे, पांढरा व्हायलाच पाहिजे असं काही नाही, तपकिरी स्पंज हा चांगला स्पंज. तेही दर आठवड्याला नको, प्रवाह मंदावला की करा. आणि ज्या दिवशी स्पंज धुतला त्या दिवशी खडीला हात लावू नका. मासे बाहेर काढायची गरजच नाही, जाळीमागे पळवून दमवण्यापेक्षा ते आतच बरे. भरताना तळाला एक बशी किंवा प्लास्टिकची पिशवी ठेवून त्यावर धार सोडा, खडी उडत नाही. शेवटी फिल्टर चालू झालाय का ते कानाने ऐका आणि डोळ्याने बघा, हवा अडकून बंद पडलेला फिल्टर रात्रभर तसाच राहिला की सकाळी पंचाईत. उरलेलं मळकं पाणी झाडांना घाला, झाडं खूश होतात.

कोणत्या टँकला किती, हे भराभर सांगतो. गप्पी, टेट्रा, बार्ब, मोजके मासे, बऱ्यापैकी झाडं, तर २०-२५ टक्के आठवड्याला, तुमचा नायट्रेट खाली असेल तर दहा दिवसांनीही चालेल. गोल्डफिश, ऑस्कर, मोठे सिक्लिड, ४० ते ५०. डिस्कसची पिल्लं वाढवणारे रोज बदलतात, त्यांना दिवसातून अनेकदा खायला घालावं लागतं म्हणून. फायटर लहान भांड्यात ठेवला असेल तर पाणी कमी म्हणून बिघडतंही लवकर, तिथे आठवड्यातून दोनदा ३० टक्के, आणि खरं सांगू का, भांडं मोठं करा, १५-२० लिटर आणि छोटा स्पंज फिल्टर, तुमचाच त्रास वाचेल. श्रिंपचं उलटं, १० टक्के, थेंब थेंब किंवा अगदी सावकाश, त्यांना एकदम बदल झाला की कात टाकताना मरतात. कार्बन डायऑक्साइड आणि खतं देऊन झाडं वाढवणारे आठवड्याला ५० टक्के बदलतात, तिथे नायट्रेट घाण म्हणून नाही तर खत म्हणून मुद्दाम घातलेला असतो, साठलेलं जादा खत काढून पाटी कोरी करायची हा हेतू. कोरी (कोरिडोरास, तळाशी फिरणारे छोटे मासे) पाळणाऱ्यांसाठी एक गंमत, दोन-तीन अंश गार पाण्याने बदल केला की त्यांना पाऊस आल्यासारखं वाटतं आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी काचेवर अंडी दिसतात. समुद्री टँकचं गणित पूर्ण वेगळं, ते इथे नको.

कधी वेळापत्रक मोडून लगेच बदलायचं? मासे वर येऊन तोंडाने हवा ओढायला लागले, पृष्ठभागावरचा फेस फुटेना, एखादा मासा खडीमागे मरून दोन दिवस लक्षातच आला नाही, किंवा घरातल्या लहानग्याने खाद्याचा अर्धा डबा रिकामा केला. त्या दिवशी ४०-५० टक्के, त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं, आणि एअर पंप पूर्ण. फक्त टँक महिनोन्‌महिने न बदललेला असेल तर वरची सूचना लक्षात ठेवा. गावाला जायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी पाणी बदला, निघायच्या सकाळी नाही, काही बिघडलं तर दिसायला वेळ पाहिजे. मोठे मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी काही होत नाही, शेजाऱ्याला किल्ली देऊन चिमूटभर सांगितलं की तो मूठभर घालतो.

आता तुमच्या टँकचं. ४० लिटरमध्ये ४ गोल्डफिश, ६ मॉली आणि एक सकर हे फार झालं, कितीही पाणी बदललं तरी ते ओझं राहणारच. सकर आत्ता तीन इंचाचा असेल, तो फुटाच्या वर जातो. गोल्डफिशला गारवा लागतो, मॉलीला ऊब, एकाला सुख दिलं की दुसऱ्याला दुःख. गोल्डफिश कुणाकडे तरी मोठ्या टँकमध्ये देऊन टाका किंवा त्यांच्यासाठी मोठा घ्या. तोपर्यंत या रविवारी मासे बाहेर काढू नका, २० लिटर काढा, २० लिटर आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घाला, स्पंजला आणि खडीला हात नको. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तुमचा टँक बॅक्टेरियांच्या दृष्टीने आत्ता नवाच आहे, त्यामुळे पुढचे महिनाभर रोज नाही तर निदान एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट बघा, ०.५ दिसला की वर सांगितलं तसं बदला. पाणी मध्ये दुधाळ झालं तर होऊ द्या, चार-पाच दिवसांत आपोआप निवळतं, घाबरून परत सगळं धुऊ नका. दोन्ही आकडे शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागला की मला तो आठवड्याचा फरक सांगा, टक्के आपण तेव्हा पक्के करू.